तोफेचे माप झाले, बाकाचे कोण घेणार?

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडता मांडता हल्लीची पोरे पायथ्याशी प्लॅस्टिकचा एखादा रणगाडाही उभा करून देतात. मास्तराने यावर नाक मुरडावे अशी लोकांची अपेक्षा असते. मी मुरडत नाही. पोराला तोफ आवडते, आणि ते त्याच्या वयाला शोभतेही. पण तेच पोर मोठे होऊन वर्तमानपत्रात युद्धशास्त्रावर लिहू लागते, प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाचे वर्णन करू लागते, आणि तरीही त्याची नजर तोफेच्या नळीपलीकडे जात नाही, तेव्हा मात्र चार शब्द सुनावणे भाग पडते.

या संचलनात रणगाड्यांच्या जोडीने एक बुटकी, चपट्या नाकाची गाडी पुष्कळदा दिसते. पोलादी पट्ट्यांवर चालते, माथ्यावर फिरता बुरूज आणि त्यातून पुढे आलेली बारीक नळीची तोफ. बघणारे तिला धाकटा रणगाडा समजतात. वाचकहो, ती रणगाडा नव्हे. रणगाड्याच्या पोटात तो चालवणारे आणि तोफ डागणारे, एवढीच माणसे असतात. हिच्या पोटात तसले तिघे असतातच; शिवाय आणखी सात शिपाई बसलेले असतात. शत्रूच्या जवळ पोचल्यावर त्यांनी मागच्या दारांतून उतरायचे आणि पायी लढायचे. त्यांना तिथवर धडधाकट नेऊन पोचवणे हे या गाडीचे मूळ काम. तोफ त्या कामाच्या मदतीला दिलेली आहे. रशियनांनी तिला ‘पायदळाची लढाऊ गाडी’ असेच साधे नाव दिले आणि त्याची आद्याक्षरे घेऊन जग तिला बी.एम.पी. म्हणते. तिच्या दुसऱ्या अवताराला आपल्याकडे ‘सारथ’ म्हणतात. मेदकच्या कारखान्यात पहिली सारथ १९८७ साली तयार झाली. ज्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे जवान तीत बसतात, ती पलटण १९७९ साली उभी राहिली आणि तिचे केंद्र आपल्या अहिल्यानगरला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरला आहे. तेव्हा हा विषय दिल्लीकरांचा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून कुणी पान उलटू नये.

आता या गाडीची स्तुती कशी होते ते पाहा. २०२० सालच्या जून महिन्यात सरकारने अशा १५६ गाड्यांची मागणी नोंदवली. किंमत सुमारे १,०९४ कोटी रुपये. त्या वेळी लोकांपुढे जे आकडे ठेवण्यात आले ते असे : इंजिन २८५ अश्वशक्तीचे, वेग ताशी ६५ किलोमीटर, पाण्यात ताशी ७ किलोमीटर, चढ ३५ अंशांचा, अडथळा पाऊण मीटरच्या आतबाहेरचा. मारक शक्तीचा उल्लेख होता, तो नसता तरच नवल. मागे बसणाऱ्या सात जणांना किती जागा, खाली सुरुंग फुटला तर काय, आग लागली तर दार किती वेळात उघडते, यांतला एकही आकडा त्यांत नव्हता. वृत्तपत्रांनीही तो विचारला नाही. एस.टी.च्या गाडीत शिरताना आपण आधी बाक बघतो, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग कुठे आहे ते बघतो. आणि ज्या गाडीवर गोळ्या झाडल्या जाणार हे ठरलेलेच आहे, तिच्यात बाक कसला आहे हे विचारायचे आपल्याला सुचू नये?

बाक कसला आहे ते मी सांगतो. ७ नोव्हेंबर १९६७ रोजी मॉस्कोच्या लाल चौकात ही गाडी पहिल्यांदा जगापुढे आली तेव्हा पाश्चात्त्य सेनापतींचे डोळे विस्फारले. उंची जेमतेम दोन मीटर, वजन तेरा टनांच्या घरात, वर ७३ मिलिमीटरची तोफ, तोफेवर रणगाडाभेदी क्षेपणास्त्र, आणि वर पुन्हा पाण्यात तरंगणारी! त्या वेळी असे एका अंगात सारे गुण असलेले वाहन दुसऱ्या कुणाजवळ नव्हते. परंतु गुण फुकट मिळत नसतात. गाडी बुटकी, म्हणून आतल्या माणसाने गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. मागे आठ शिपाई, दोन रांगांत, पाठीला पाठ लावून. आणि त्या दोन पाठींच्या मधे काय? इंधनाची टाकी. तेवढी पुरेना म्हणून मागची दारेच पोकळ करून त्यांतही डिझेल भरले. बाहेर पडायचा मुख्य मार्ग तोच, आणि तोच तेलाचा पिंप!

रशियन अभियंते मूर्ख होते असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे युरोपातले अणुयुद्ध होते. किरणोत्साराने विटाळलेल्या सपाट मैदानावरून बंद डब्यात बसून, गाळलेली हवा घेत, कडेच्या छिद्रांतून गोळ्या झाडत भरधाव पुढे सरकायचे, हा त्यांचा हिशेब. ते युद्ध झालेच नाही. झाले ते डोंगरातले. १९७९ च्या डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आणि १९८९ च्या फेब्रुवारीत परत गेल्या. त्या नऊ वर्षांत या गाडीची खरी परीक्षा झाली. वर कड्यावर बसलेल्या माणसाकडे तिची तोफ मानच वर करीना. ती अडचण दूर झाली. दुसऱ्या अवताराला ३० मिलिमीटरची झपाट्याने डागणारी तोफ मिळाली आणि ती ७४ अंशांपर्यंत वर उचलता येऊ लागली. बुरूज मोठा झाला, त्यात दोन माणसे बसू लागली, आणि त्यापायी शिपायांची संख्या आठावरून सातावर आली. तोफेचे दुखणे बरे झाले, बाकाचे तसेच राहिले.

मग शिपायांनी त्यावर आपला इलाज काढला. ते गाडीच्या टपावर बसू लागले. चिलखतावर, उघड्यावर, गोळीच्या टप्प्यात! कारण त्यांनी पाहिले होते की खाली सुरुंग फुटला तर टपावरचा माणूस फेकला जातो आणि कदाचित वाचतो. आतल्याला ती आशा नाही. लाखांनी खर्चून केलेल्या चिलखतात बसण्यापेक्षा त्यावर बसणे बरे, असे ज्याच्यासाठी ते चिलखत केले त्यालाच वाटावे, याहून मोठा अभिप्राय कुठल्या तज्ज्ञाने द्यायचा राहिला आहे?

यावर तज्ज्ञ हसतील. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराने, कादंबऱ्या लिहिणाऱ्याने, चिलखतावर बोलावे! बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की आमच्या शाळेच्या बाकावरून उठलेली काही पोरे दरसाल फौजेत जातात, आणि ती पुढे कोणत्या बाकावर बसतात याची चौकशी मला करावीशी वाटते. राहता राहिला तज्ज्ञतेचा प्रश्न, तर अमेरिकेतली हकीकत ऐका. त्यांची ब्रॅडली नावाची अशीच गाडी १९८१ साली सैन्यात आली. उंची जवळजवळ तीन मीटर, बांधणी अ‍ॅल्युमिनियमची. तेथील हवाई दलातले जेम्स बर्टन नावाचे एक कर्नल हट्टाला पेटले की, या गाडीत युद्धात असतो तसा खराखुरा दारूगोळा आणि इंधन भरा, आणि मग तिच्यावर नेम धरा. सैन्यातल्या थोरांना हे रुचेना. आतला दारूगोळा काढून त्या जागी पाण्याचे डबे ठेवून चाचण्या उरकतात, असा बर्टनचा आरोप होता. खूप खडाजंगी झाली, त्यांची नोकरीही तिच्यापायी संपुष्टात आली. पण १९८६ साली तेथील संसदेने कायदाच केला की अशा वाहनाचे पूर्ण उत्पादन सुरू करण्यापूर्वी ते भरल्या अवस्थेत गोळा मारून तपासलेच पाहिजे. नंतरच्या ब्रॅडलीत दारूगोळ्याची मांडणी बदलली, आतून तुकडे उडू नयेत म्हणून अस्तर बसले, चिलखत वाढले. २०२३ मध्ये त्या गाड्या युक्रेनला मिळाल्या. तिथे कित्येक गाड्या मोडल्या. मोडलेल्या गाडीतून चालत बाहेर आलेल्या माणसांच्या हकीकतीही तिथूनच आल्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, अगदी शब्दशः. इस्रायलने रणगाड्याच्याच सांगाड्यावर पायदळासाठी गाडी केली, ‘नमेर’ तिचे नाव. वजन साठ टनांच्या आसपास. त्यांच्या जुन्या, पातळ पत्र्याच्या एका गाडीत २०१४ च्या जुलैत गाझामध्ये सात सैनिक एकदम गेले, तेव्हा नमेर सगळ्यांना का नाही दिली म्हणून त्या देशात आरडाओरड झाली. मग आपणही साठ टनांची गाडी करावी काय? नाही. लडाखच्या वाटा आणि तिथले पूल ते ओझे पेलणार नाहीत, विरळ हवेत इंजिन धापा टाकते ते वेगळेच. हे मला मान्य आहे. पण साठ टन आणि चौदा टन यांच्या मधे काही आकडेच नाहीत का? इंधन माणसांपासून वेगळे, पोलादी पडद्यापलीकडे ठेवायला साठ टन लागत नाहीत. आसने तळाला न ठोकता छताला किंवा बाजूला टांगली तर खालच्या स्फोटाचा दणका थेट कण्याला बसत नाही. त्यालाही साठ टन लागत नाहीत. पोकळ दारांतले डिझेल काढून टाकायला तर एक टनही लागत नाही.

खरी अडचण पोहण्याची आहे. गाडी तरंगायची तर ती आकाराच्या मानाने हलकी हवी, हलकी हवी तर पत्रा पातळ हवा. सारथच्या बाजूचा पत्रा साध्या बंदुकीची गोळी अडवतो. जड मशीनगनची गोळी जवळून आली तर तो भरवसा उरत नाही. आपली नव्या गाडीची बोलणी या शतकाच्या पहिल्या दशकापासून चालू आहेत, कधी थांबतात, कधी पुन्हा सुरू होतात. त्या बोलण्यांतही ‘ती तरंगलीच पाहिजे’ हा आग्रह पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. का, तर पंजाबात कालवे आहेत. आहेत ना! पूल टाकण्यात वेळ जातो, तो तरंगण्याने वाचतो, हेही खरे. पण अफगाणिस्तानात पोळल्यावर रशियनांनी जादा चिलखताची जी सारथची बहीण काढली, तिचे पोहणे त्यांनी सोडून दिले. ब्रॅडलीही पूर्वी पोहत असे. चिलखत चढले आणि तीही पाण्याबाहेर राहिली. ज्यांनी ही वाहने घडवली आणि युद्धात वापरली, त्या दोघांनीही हा सौदा केला. आपण मात्र ताशी सात किलोमीटरचे ते पोहणे जाहिरातीत मिरवतो. कालव्यावर पूल टाकायला बॉम्बे सॅपर्स आहेत, आपल्या खडकीलाच आहेत. ते काम त्यांना चांगले जमते.