साबणाचा खप तेवढाच, मग ऑर्डर शून्यावर का आली?

2025 च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी जीएसटी कमी करण्याची घोषणा केली. 3 सप्टेंबरला कौन्सिलनं दर ठरवले आणि 22 सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, ते लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं असा रोजचा माल 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. गिऱ्हाईक खूश झालं. पण घोषणेपासून अंमलापर्यंतच्या त्या पाच आठवड्यांत दुकानदार आणि डिस्ट्रिब्युटर यांचं काय झालं, यावर बातम्या फारशा आल्या नाहीत. हिंदुस्थान युनिलिव्हरसारख्या कंपनीलाही त्या तिमाहीत विक्रीला फटका बसल्याचं शेअर बाजाराला कळवावं लागलं. लोकांनी अंघोळ करणं तर थांबवलं नव्हतं. मग विक्री गेली कुठे?

एक साधा हिशेब करून पाहू. आकडे मानलेले आहेत, पण पेठेतल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. एक किराणा दुकान आठवड्याला साबणाच्या 20 पेट्या विकतं आणि दोन आठवड्यांचा माल, म्हणजे 40 पेट्या, ठेवतं. दर उतरणार हे कळताच मालक ठरवतो की आता एकाच आठवड्याचा माल ठेवायचा, जुन्या भावाचा बोजा नको. त्या आठवड्यात 20 पेट्या खपल्या, 20 उरल्या. सेल्समन आला तेव्हा ऑर्डर शून्य. पुढच्या आठवड्यात 20 ची ऑर्डर. मग नवे दर आले, सण आला, खप थोडा वाढून 22 झाला. मालकाला पुन्हा दोन आठवड्यांचा साठा हवा, म्हणजे 44 पेट्या. म्हणून त्यानं 46 ची ऑर्डर दिली.

गिऱ्हाइकाची मागणी हलली फक्त दहा टक्के. डिस्ट्रिब्युटरला मात्र शून्य, वीस, शेहेचाळीस असे आकडे दिसले. तोही स्वतःचा साठा असाच कमी-जास्त करतो, त्यामुळे कंपनीच्या डेपोला याहून मोठा हेलकावा बसतो.

बिझनेस स्कूलमध्ये याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. आपण आसूड म्हणू. मुठीपाशी हात जरासा हलतो, टोक सपकन फिरतं. अमेरिकेत एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी 1961 च्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या पुस्तकात हे पहिल्यांदा नीट मांडलं. नाव पडलं ते पुढे, प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत. बाळांच्या डायपरचा खप जवळपास सारखाच असताना घाऊक ऑर्डरी मात्र वरखाली का होतात, याचं तिथल्या लोकांना कोडं पडलं होतं. 1997 मध्ये हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तिघांनी त्याची चार कारणं सांगितली: प्रत्येकानं आपल्यापुढच्या ऑर्डरीवरून अंदाज बांधणं, माल एकदम गठ्ठ्यानं मागवणं, भावातले चढउतार आणि टंचाईच्या भीतीनं गरजेपेक्षा जास्त मागणं.

सप्टेंबरात काम केलं ते तिसऱ्या कारणानं. पण एरवी आपल्याकडे दुसरं आणि तिसरं कारण हातात हात घालून येतात. महिन्याचा शेवटचा आठवडा आठवा. सेल्समनला टार्गेट पुरं करायचं असतं, मग ‘दहावर एक फ्री’ची स्कीम येते आणि दुकानदार गरज नसताना माल भरतो. पुढच्या महिन्याचे पहिले दोन आठवडे ऑर्डर नाही. म्हणजे आसूड कंपनीच उगारते आणि मग ‘ग्रामीण मागणी मंदावली’ म्हणून तक्रारही तीच करते. अर्थात स्कीम घेताना दुकानदारही काही नाही म्हणत नाही, हेही खरं.

आणखी एक अभ्यास आपल्या कामाचा आहे. 2007 मध्ये कॅशॉन, रँडल आणि श्मिट या संशोधकांनी अमेरिकेतल्या उद्योगांचे आकडे तपासले. किरकोळ व्यापारात हा हेलकावा त्यांना बहुतेक ठिकाणी दिसलाच नाही, घाऊक व्यापारात मात्र ठळक दिसला. अमेरिकेची दुकानं आणि आपली किराणा दुकानं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण बेळगावसारख्या घाऊक पेठेवर पोसलेल्या गावानं तो दुर्लक्षून चालणार नाही. रविवार पेठेत गोदामाचं भाडं, हमाली आणि बँकेचं व्याज शून्य ऑर्डरीच्या आठवड्यातही चालूच असतं.

जुन्या साठ्याचा तोटाही सगळ्यांना सारखा नव्हता. नियमित जीएसटी भरणाऱ्यानं 18 टक्क्यांनी घेतलेला माल 5 टक्क्यांनी विकला, तरी भरलेला कर त्याच्या खात्यात जमा राहतो. पैसा अडकतो, पण बुडत नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला आणि नोंदणीच नसलेल्याला ही सोय नाही. त्याच्यासाठी 18 टक्के हा खरेदीचाच भाग. कंपनीनं किंवा डिस्ट्रिब्युटरनं फरक भरून दिला तर ठीक, नाहीतर स्वतःच्या खिशातून. म्हणजे ज्याचं भांडवल सर्वांत लहान, त्यालाच घाई करून साठा रिकामा करावा लागला.

आता सीमेकडे येऊ. चंदगड महाराष्ट्रात, पण बेळगाव तिथून चाळीसेक किलोमीटरवर. दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता सगळं बेळगावात. साबणाची पेटी मात्र गडहिंग्लज किंवा कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युटरकडून यावी, अशी कंपन्यांची रचना असते, कारण डेपो आणि एरिया राज्यानुसार वाटलेले. जीएसटीनं 2017 मध्ये चेकनाके गेले, हे मोठंच काम झालं. पण कागदावरची सीमा राहिलीच. कंपोझिशनमधला बेळगावचा छोटा व्यापारी चंदगडच्या दुकानाला माल विकूच शकत नाही, कारण या योजनेत परराज्यात विक्रीला बंदी आहे. नोंदणी नसलेल्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंतची सूट आपल्या राज्यातच मिळते. परराज्यात माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी. ई-वे बिलाचंही तेच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ते लागत नाही, सीमा ओलांडली की 50,000 च्या वर लागतं. म्हणजे 80,000 चा तोच माल गडहिंग्लजहून आला तर ई-वे बिल नको, बेळगावहून आला तर हवं.

याचा आसुडाशी संबंध असा. पुरवठा जवळचा आणि वरचेवर होणारा असेल तर दुकानदार कमी साठा ठेवतो, थोडा थोडा माल मागवतो आणि हेलकावा लहान राहतो. लांबून, आठवड्यातून एकदा येणाऱ्या गाडीवर अवलंबून असलेला माणूस गठ्ठ्यानंच मागवणार. सीमाभागातल्या दुकानदाराला शेजारच्या पेठेऐवजी राज्याच्या डेपोकडे तोंड करून बसवलं की दुसरं कारण आपोआप बळावतं. भाजीकडे पाहा. बेळगावची भाजी रोज घाट उतरून गोव्यात जाते, ताज्या भाजीवर जीएसटी नाही, साठा करायची सोय नाही, म्हणून ऑर्डर रोजच्या रोज खपाप्रमाणेच जाते. टोमॅटोला महिनाअखेरचं टार्गेट नसतं.

संशोधकांनी सुचवलेला मुख्य उपाय म्हणजे दुकानातल्या खऱ्या खपाची माहिती वरपर्यंत पोचवणं. वॉलमार्ट आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल यांनी ते करून दाखवलं. आपल्याकडे दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक पुड्याची विक्री त्याच क्षणी कळते. त्यांच्याविरुद्ध डिस्ट्रिब्युटरांच्या अखिल भारतीय संघटनेनं 2024 मध्ये स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली, ती मोठ्या सवलतींच्या मुद्द्यावर. पण सवलती उद्या थांबल्या तरी माहितीचं हे अंतर उरणारच. कंपनीला किराणा दुकानाची ऑर्डर कळते, खप कळत नाही. हल्ली कंपन्यांची ऑर्डर अ‍ॅप दुकानदाराच्या मोबाईलमध्ये आली आहेत, पण तीही घेतलेला माल मोजतात, विकलेला नाही.

सीमाभागातल्या व्यापारी संघटनांची निवेदनं बहुतेकदा भाषेच्या पाट्यांवर आणि रस्त्यांवर असतात. दोन मागण्या त्यात घालता येतील. कंपोझिशनवाल्यांना लगतच्या परराज्यातल्या तालुक्यात विक्रीची मुभा, आणि कर उतरताना नोंदणी नसलेल्या दुकानदाराच्या जुन्या साठ्याची भरपाई कुणी करायची, याचा लेखी नियम. पहिलीसाठी कायदा बदलावा लागेल, म्हणजे ती कौन्सिलच्या टेबलावरच जायला हवी. तिथं कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा, तिघांचेही मंत्री बसतात.