ऋण कोणाचे, वारस कोण?

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द आता केवळ रिक्षावाल्यास सांगावयाचा पत्ता होऊन बसला आहे. ‘फ्री कॉलनी’ हे नावही तसेच. ही वसाहत ‘फ्री’ म्हणजे कशापासून मुक्त, असे घरातील एखाद्या मुलाने विचारल्यास वडीलधाऱ्यांस उत्तर देता यावे, एवढ्यासाठी ह्या महिन्यात हा विषय घेतला आहे.

इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर झाली. कैकाडी, टकारी, पारधी इत्यादी जमातींत जन्म घेणे हाच अपराध ठरला. येथे तारेच्या कुंपणात त्यांची वस्ती झाली. नित्य हजेरी, परवान्यावाचून बाहेर पाऊल टाकावयाचे नाही आणि काम गिरणीत. वर्तणूक चांगली ठरली म्हणजे कुंपणाबाहेरच्या फ्री कॉलनीत राहावयास मिळे. मुलांस आईबापांपासून वेगळे ठेवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारास दिला होता. खरेदीविक्री नव्हती, मजुरी मिळे, म्हणून ह्यास गुलामगिरी म्हणता येत नाही. तथापि काम सोडून जाण्याची मुभा नसलेला मजूर आणि गुलाम ह्यांत अंतर किती उरते, हे वाचकांनीच ठरवावे. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. माणसे सुटली, हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

जगाची रीतही हीच. हैतीच्या गुलामांनी 1791 साली बंड करून 1804 साली स्वातंत्र्य मिळविले, तर 1825 साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडूनच पंधरा कोटी फ्रँक मागितले. मालकांच्या बुडालेल्या मालमत्तेची ती भरपाई. आणि त्या मालमत्तेत खुद्द ही माणसेही आलीच! जमेकात 1831 च्या अखेरीस गुलामांचा मोठा उठाव झाला, 1833 साली ब्रिटनने गुलामी बंद करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड दिले ते मालकांस. गुलामांस छदामही नाही. त्यासाठी काढलेले कर्ज पुरते फिटले 2015 साली. मालकांसाठी घेतलेले ऋण एकशेऐंशी वर्षे जिवंत राहते. राबणाऱ्यांचे तेवढे ‘जुनी गोष्ट’ म्हणून मरते.

‘आजोबांच्या पिढीने केले, त्याचे देणे आम्ही का द्यावे?’ असा आक्षेप सुशिक्षित मंडळी घेतात. परंतु एकत्र कुटुंबात वाढलेल्याने तरी तो घेऊ नये. जो वारसा घेईल त्याने ऋणही फेडावे, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक आहे. वाडा हवा आणि त्यावरील गहाणखत नको, हे चालत नाही. इंग्रजांची कचेऱ्या-दप्तरे आपल्या सरकारने घेतली. गिरण्यांवर हे शहर वाढले. (पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीच्या नोंदी आहेत, हेही विसरू नये, तो वारसा आपल्याच घरांचा.)

रोख रक्कम वाटून हे ऋण फिटेल असे आम्हांस वाटत नाही. एक साधी गोष्ट आधी करता येईल. विमुक्त जातीचा दाखला मिळण्यासाठी 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या भटकणाऱ्यांनी तो कोठून आणावा? सरकारने मात्र त्यांच्या आजोबांची हजेरी मांडली होती. त्या काळच्या ज्या वह्या दप्तरखान्यांत शिल्लक असतील, त्या सरकारने स्वतः शोधून, नकला काढून, अर्जदारांच्या हाती विनामूल्य द्याव्यात.