चिडवणे, वळण लावणे, अतिप्रसंग : शाळेतील छळ आणि आपली मराठी

मराठी आत्मपर लेखनात शाळामास्तरांच्या छडीला मोठे मानाचे स्थान आहे. निवृत्त अधिकाऱ्याचे आत्मचरित्र असो, तालुक्याच्या शिक्षकाचा गौरवग्रंथ असो की दिवाळी अंकातील एखादा ललितलेख, त्यात कोठेतरी एक कडक गुरुजी येतात, त्यांच्या हातात निरगुडीचा फोक असतो, लेखकाच्या तळहातावर वळ उठतात आणि परिच्छेदाच्या शेवटी लेखक त्या फोकाचे आभार मानतो. असे दोन गौरवग्रंथ आम्ही स्वतः संपादित केले आहेत. त्यांतील छडीचे प्रसंग आम्ही काटले नाहीत. उलट ते ‘रंगतदार’ आहेत म्हणून पुढच्या पानांवर घेतले. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करणारा शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाची आठवण आम्हां संपादकांपैकी एकालाही तेव्हा झाली नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे.

या स्मरणरंजनात एक साधी अडचण आहे. मार खाऊन जो पुढे गेला, तोच आठवणी लिहावयास उरतो. ज्याने चौथीत किंवा सातवीत दप्तर कोनाड्यात टाकले आणि पुन्हा शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याचा गौरवग्रंथ निघत नाही. त्यामुळे ‘मार खाल्ला म्हणून माणूस झालो’ हे विधान आपल्या वाङ्मयात शेकडो वेळा आढळते आणि ‘मार खाल्ला म्हणून शाळा सुटली’ हे विधान शोधावे लागते.

ते सापडते, परंतु दुसऱ्या प्रवाहात. ‘बलुतं’ (१९७८), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७), ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही पुस्तके आपण सर्वजण शिकवतो. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत शाळा हे अपमानाचे एक मुख्य स्थळ आहे, आणि तो अपमान पुष्कळदा छडीने नव्हे, तर हजेरीपटाने झालेला आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या आणि किशोर शांताबाई काळे यांच्या कथनांत बापाच्या नावाचा रकाना मुलाचा पाठलाग करतो. शाळेत नाव घालण्याची ती एक ओळ मुलाला वर्गासमोर उघडे पाडू शकते. काळे यांनी बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावून तो रकाना पुढे आपल्या परीने भरून टाकला. ते मूळचे करमाळा तालुक्यातील. करमाळा आमच्या भूमपासून काही फार लांब नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण आमच्या वर्गात या पुस्तकांची चर्चा होते तेव्हा ती जणू दुसऱ्या खंडात घडलेली असावीत अशा सुरात होते.

वेदना, विद्रोह, नकार या तीन शब्दांत आपण ती बसवतो, पंधरा गुणांचा प्रश्न काढतो आणि टिपणे देतो. परंतु त्याच वर्गात ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ असा पुकारा झाल्यावर मान खाली घालून उभी राहणारी मुले असतात. आडनावावरून, रंगावरून, बोलीवरून, तोतरेपणावरून, बापाच्या धंद्यावरून ठेवलेली नावे तेथे बाकाबाकांवर फिरत असतात. ‘फँड्री’ (२०१३) दाखवल्यानंतरच्या चर्चेत प्रतीके, वास्तववाद आणि शेवटी प्रेक्षकाच्या दिशेने भिरकावलेला दगड यांवर आमचे विद्यार्थी चांगले बोलले. डुकरे पकडण्याचा खेळ पाहत हसणारी ती शाळकरी मुले मात्र कोणाच्या चर्चेत आली नाहीत. आमच्याही नाही.

मराठीच्या शिक्षकांनी या विषयावर लिहावे असे आम्हांला वाटते, त्याचे कारण समाजकार्य हे नव्हे. येथे पहिला घोटाळा शब्दांचा आहे, आणि शब्द हा आपला पोटापाण्याचा विषय आहे.

‘चिडवणे’ हेच क्रियापद घ्या. ‘चिडणे’चे ते प्रयोजक रूप. एका मुलाला चाळीस मुले रोज एकाच नावाने हाक मारतात. तो गप्प बसला तर आपल्या भाषेच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते, आणि तो चिडला तर घडलेल्या गोष्टीचे नाव त्याच्या चिडण्यावरून पडते. ‘तू चिडतोस म्हणून ते चिडवतात’ हे वाक्य प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी उच्चारले आहे. व्याकरणाने त्यात शिक्षकाची बाजू घेतलेली आहे. पुढे ‘गंमत’, ‘मस्करी’, ‘खोडी’, ‘पोरं आहेत’. ‘दादागिरी’ म्हटले की डोळ्यांसमोर गल्लीतला गुंड येतो, सातवीतला मॉनिटर येत नाही. ‘रॅगिंग’ आपण वसतिगृहांसाठी राखून ठेवले आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ साली स्वतंत्र कायदा झाला, तरी पाचवीच्या वर्गाला तो शब्द कोणी लावत नाही. ‘छळ’ हा शब्द आहे. परंतु आपल्या कानाला तो सासुरवाशिणीचा वाटतो. आणि ‘वळण लावणे’! मुलाला वाकवण्याच्या क्रियेला याहून गोड नाव दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल का, कोण जाणे.

हे झाले चिडवण्याचे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत भाषा याहून वाईट वागते. ‘विनयभंग’ या शब्दात भंगतो तो जिच्यावर अत्याचार झाला तिचा विनय. करणारा शब्दात कोठे दिसतच नाही. ‘अब्रू’ तिची, ‘लज्जा’ तिची. ‘अतिप्रसंग’ तर संस्कृताच्या आडोशाला उभा आहे. काय झाले ते न सांगण्यासाठीच तो वृत्तपत्रांनी पोसला. मोठ्यांच्या या शब्दसंग्रहात चार वर्षांच्या मुलीला एकही शब्द उपलब्ध नाही. शरीराच्या ज्या अवयवांची नावे आपण मुलांना शिकवीत नाही, किंवा शिव्यांमधून शिकू देतो, त्या अवयवांना झालेली इजा तिने कोणत्या नामाने सांगावी?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला हेच घडले. शाळेतील दोन चार वर्षांच्या मुलींवर तेथील सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार घेऊन पालक पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्यांना कित्येक तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे स्थानकात उतरले आणि दिवसभर लोहमार्ग रोखून धरला गेला. दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. शाळेने माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही म्हणून संस्थाचालकांवरही गुन्हा नोंदला गेला. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मरण पावला. त्यानंतर राज्यभर चर्चा झाली ती त्या गोळीची. दोन मुली घरी येऊन आपल्या शब्दांत काही सांगत होत्या आणि ते शब्द एकामागून एक टेबलांवर अडत गेले, ही गोष्ट त्या चर्चेत बुडाली. आम्हांला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

कारण २०१२ च्या ज्या कायद्याखाली हे प्रकरण येते, त्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याने भाषेचा विचार केलेला आहे. कलम १९ म्हणते की मुलाने स्वतः माहिती दिली तर ती साध्या भाषेत, काय नोंदवले जात आहे हे मुलाला समजेल अशा रीतीने, लिहून घेतली पाहिजे. कलम २६ म्हणते की जबाब मुलाने जसा सांगितला तसाच, त्याच्या आईवडिलांच्या किंवा त्याचा ज्या व्यक्तीवर विश्वास आहे तिच्या उपस्थितीत नोंदवावा. बोलीच्या अभ्यासकाने ध्वनिमुद्रणाच्या वेळी जी शिस्त पाळावी, तीच कायदा फौजदाराकडून मागतो आहे! आता आपली ठाण्यातील मराठी आठवा. ‘सदर इसमाने फिर्यादीच्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले’ या वळणाच्या वाक्यात भूम तालुक्यातील मुलगी ‘जसे सांगितले तसे’ कोठे राहील? या मराठीवर एकही शोधनिबंध आमच्या पाहण्यात नाही. संतसाहित्यातील प्रतिमांवर आमच्या कपाटात अकरा आहेत.

याच कलम १९ ने शिक्षकावरही भार टाकलेला आहे. असा अपराध घडल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी भीती आहे, त्या कोणीही पोलिसांना कळवले पाहिजे. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिक्षकमित्रांशी हा विषय काढला की पहिला उद्गार येतो, ‘पोरं खोटं बोलतात, माणूस आयुष्यातून उठतो.’ ही भीती अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. खेड्यातील संस्थांत गट असतात, निवडणुका असतात, आणि तक्रार हे हत्यार म्हणून वापरले गेल्याचे आम्हीही पाहिले आहे. परंतु कायदा शिक्षकाला न्यायाधीश व्हावयास सांगत नाही. फक्त कळवावयास सांगतो, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यास संरक्षणही देतो. खरे-खोटे तपासण्याचे काम दुसऱ्याचे आहे. आपण मात्र ते काम मुख्याध्यापकांच्या खोलीत, चहाबरोबर, ‘संस्थेचे नाव’ डोळ्यांसमोर ठेवून उरकून टाकतो.

बदलापूरनंतर शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेट्या आणि शाळाशाळांतील सखी सावित्री समित्या यांबाबत पुन्हा कडक आदेश काढले. ते असावेत. पण जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले म्हणून मुलींची कपडे उतरवून तपासणी झाल्याचे प्रकरण बाहेर आले आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. तेथे समितीवर ज्यांनी बसावयाचे, त्यांच्याच शाळेत हा प्रकार घडला. २०१६ साली खामगाव तालुक्यातील आश्रमशाळेचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा तेथील मुलींच्या घरापर्यंतचे अंतर हाच त्यांच्या मौनाचा मोठा भाग होता.

हे अंतर आम्हांला ईटमध्ये दरवर्षी दिसते. दिवाळी झाली की आमच्या भागातील ‘कोयते’ पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. मुकादमाच्या वहीत माणसे अशीच मोजतात. धाकटे लेकरू बरोबर जाते, शाळेतले मागे राहते, आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्याला ‘आज शाळेत काय झालं रे?’ असे विचारणारे घरात कोणी नसते. आजी विचारते ते ‘जेवलास का?’ आईशी फोनवर बोलणे होते ते उचल किती फिटली आणि फड कधी संपणार याचे. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. तो फिरवण्यासाठी मुलाला आधी आपल्याबाबत जे होत आहे त्याला नाव द्यावे लागते, आणि शिवाय मोबाइल लागतो.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बी.ए.च्या पहिल्या वर्षाला ‘शाळेतील एक आठवण’ या विषयावर लिहावयास दिले. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे लिहिले : सहल, पंधरा ऑगस्ट, छडी. ऊसतोडीच्या घरातील एका मुलाने मात्र तृतीयपुरुषी निवेदनात एका ‘त्या’ मुलाविषयी लिहिले. सहावीत सगळा वर्ग त्याला एका प्राण्याच्या नावाने हाक मारी. एकदा हजेरी घेताना गुरुजींनीही तेच नाव घेतले आणि वर्ग हसला. त्यानंतर तो मुलगा लघवीच्या सुट्टीत वर्गाबाहेर जाईनासा झाला, कारण बाहेर त्याला धरून काय काय करीत असत. ‘काय काय’ एवढेच लिहिले होते. आम्ही त्या निबंधातील ऱ्हस्व-दीर्घ तपासले, ‘निवेदनतंत्र चांगले’ असा शेरा मारला आणि दहापैकी सात गुण दिले.

बदलापूरच्या बातम्या वाचताना तो निबंध आम्हांला आठवला. मुलगा तोवर पदवी घेऊन पुण्याकडे कामाला लागला होता. पाडव्याला गावी आला तेव्हा आम्ही त्याला बोलावून घेतले आणि चाचरत विषय काढला. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, तुम्ही वाचलं होतं व्हय ते? मला वाटलं, नुसतं तपासलं.”

त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याने चहा घेतला, नोकरीचे सांगितले, आणि गेला.

यंदा तोच विषय आम्ही पुन्हा दिला. अकरावी-बारावीच्या वर्गांनाही दिला. गुण नाहीत, शुद्धलेखन तपासले जाणार नाही, बोलीत लिहिले तरी चालेल, नाव घातले नाही तरी चालेल, असे फळ्यावर लिहिले. सहकाऱ्यांनी थट्टा केली. गुण नसतील तर लिहील कोण, असेही एकाने विचारले. गठ्ठा मागच्या वेळेपेक्षा मोठा निघाला. छडीचे विनोद याही वेळी होते, मात्र कमी. त्यांतील एका कागदाविषयी येथे आम्हांला काहीही लिहिता येणार नाही. तो लिहिणारी व्यक्ती अजून अठरा वर्षांची नाही, आणि कायद्याने जे त्याच दिवशी करावयाचे होते ते आम्ही त्याच दिवशी केले आहे.