शक्तीचं नवं आणि चाहत्यांचं जुनं

‘शक्ती’चा ‘धिस मोमेंट’ हा अल्बम जून 2023 मध्ये आला. त्याआधीचा या बँडचा स्टुडिओतला अल्बम 1977 सालचा. मध्ये 46 वर्षं गेली. एवढ्या काळात माणसाची नातवंडं कामाला लागतात. साहजिकच, अल्बम येण्याआधीच त्याचा निकाल अनेकांच्या मनात लिहून तयार होता, आणि तो एका वाक्याचा होता: पहिल्यासारखं नाही.

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की त्यावर लिहायचं ठरवलं. कबनूरसारख्या गावात शक्तीचे चाहते कितीसे असणार, असं वाटेल. पण आहेत. कुणी तबला शिकलेला, कुणी बहात्तर-पंच्याहत्तरच्या रॉकवर पोसलेला कारखानदार, कुणी इचलकरंजीच्या कॉलेजातला मास्तर. यांच्या तक्रारी साधारण सारख्याच. मॅकलॉफलिनने सिंथेसायझरचा आवाज कशाला आणला? शंकर महादेवन जास्तच गातो. एल. शंकरच्या व्हायोलिनची सर याला नाही. पहिला अल्बम लोकांसमोर वाजवताना रेकॉर्ड झाला होता, त्यात जी आग होती ती स्टुडिओत कुठून येणार?

तक्रारी अगदीच खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. मलाही दोन-तीन ठिकाणी तो अल्बम जास्तच गुळगुळीत वाटतो. पण ज्या ‘पहिल्या’शी तुलना चालली आहे, त्या पहिल्याचं तेव्हा काय झालं होतं, हे कुणी आठवत नाही.

जॉन मॅकलॉफलिन हा महाविष्णू ऑर्केस्ट्राचा माणूस. 1971 पासून या बँडने रॉकच्या दणक्यात विषम मात्रांचे ताल आणि जॅझची चाल मिसळली, मोठमोठी सभागृहं भरवली. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्या पिढीचा तो लाडका गिटारवादक. आणि हा लाडका माणूस एक दिवस विजेची गिटार बाजूला ठेवून मांडी घालून खाली बसला. एका बाजूला तबल्यावर विशीतला झाकीर हुसेन, दुसरीकडे घटमवर विक्कू विनायकराम, सोबत एल. शंकरचं व्हायोलिन. ना ड्रम, ना अँप्लिफायरची भिंत. गिटारही खास बनवून घेतलेली. पट्ट्यांमधली लाकडी जागा कोरून खोलगट केलेली, म्हणजे वीणेसारखी तार दाबून मींड काढता यावी, आणि आडव्या तरफेच्या तारा वेगळ्याच. रॉकच्या चाहत्यांना हे पचलं नाही. रेकॉर्ड कंपनीलाही नाही. 1976-77 मध्ये तीन अल्बम आले, खप बेताचा झाला आणि 1978 च्या सुमारास मंडळी पांगली. म्हणजे आज ज्या शक्तीच्या नावाने उसासे सोडले जातात, त्या शक्तीलाही त्या काळी चाहत्यांनी हेच ऐकवलं होतं. तेव्हाचं ‘पहिलं’ म्हणजे महाविष्णू.

आमच्याकडे उरुसात कव्वाल नवा कलाम सुरू करतो न करतो तोच मागून आवाज येतो, “ओ मियाँ, वो पुरानाच होने दो!” कव्वाल हुशार असतो. जुनं म्हणतो, नोटा गोळा करतो आणि मध्येच नव्याचे चार शेर घुसवून जातो. झाकीरभाई आणि मॅकलॉफलिन यांनीही थोडं तसंच केलंय, फक्त ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ‘गिरिराज सुधा’ ही चीज 2001 च्या ‘सॅटर्डे नाईट इन बॉम्बे’ या अल्बमवर होती, ती नव्या अल्बमवर पुन्हा आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. महादेवनचा आवाज वीस-बावीस वर्षांनी मुरलाय. आणि मधल्या काळात मेंडोलिनवाले यू. श्रीनिवास गेले, 2014 साली, अवघ्या पंचेचाळिशीत. त्यांच्या नावाने या अल्बमवर ‘श्रीनीज ड्रीम’ आहे. घटमवाल्या विक्कूंचा मुलगा सेल्वागणेश आता खंजिरा घेऊन बसलाय. व्हायोलिन गणेश राजगोपालन यांचं. ज्या बँडमध्ये बापाच्या जागी मुलगा आलाय आणि एका जागेवर कुणीच नाही, त्या बँडने 1976 सारखं कसं वाजवायचं?

मॅकलॉफलिन यांचं वय अल्बम आला तेव्हा 81. बोटांच्या संधिवातामुळे 2017 मध्ये त्यांनी अमेरिकेत निरोपाचा दौरासुद्धा केला होता. त्या माणसाकडे चौतिसाव्या वर्षीचा वेग मागणं म्हणजे चाहतेपण नव्हे, वसुली आहे. आपण त्याचं तारुण्य मागत नसतो, आपलं मागत असतो. आमच्या भागात साध्या मागाचा खडखडाट कसा गोड होता, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक जण त्या मागापुढे बारा तास उभे राहिलेले नसतात.

कोल्हापूरवाल्यांनी तरी हे समजून घ्यायला हवं. शाहू महाराजांच्या दरबारात गाणारे अल्लादिया खाँसाहेब तरुणपणी एका संस्थानात गाऊन गाऊन आवाज घालवून बसले होते. तो आवाज पहिल्यासारखा परत आलाच नाही. जो उरला, त्यातून त्यांनी लयीला बिलगून चालणारी, पेचदार गायकी घडवली, आणि ती पुढे केसरबाई, मोगूबाईंच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली. आवाज गेला म्हणून हळहळणाऱ्यांपाशीच खाँसाहेब थांबले असते तर जयपूर-अत्रौली नावाचं घराणं आज कुणाला माहीतही नसतं.

आता दुसऱ्या चाहत्यांकडे वळतो. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी मिळालं. त्याच रात्री झाकीर हुसेन यांना बेला फ्लेक, एडगर मेयर आणि राकेश चौरसिया यांच्यासोबतच्या कामासाठी आणखी दोन मिळाली. एका रात्रीत तीन. मग काय, तिरंग्याची चित्रं, हारतुरे, ‘भारताची शान’. ज्यांनी तक्रारी केल्या होत्या त्यांनी निदान अल्बम ऐकला तरी होता. या अभिनंदनवाल्यांपैकी दहाजणांना मी विचारलं, यातली कुठली रचना आवडली? एकालाही एक नाव सांगता आलं नाही. मला विचाराल तर नाराज चाहता परवडला.

याच गर्दीत एक वाक्य वारंवार कानावर यायचं: “मुसलमान असावा तर असा.” बोलणाऱ्याला ती स्तुतीच वाटत असते. पण तबल्यावरच्या बोटांवरून उरलेल्या वीस कोटींची हजेरी घेण्याचा हा प्रकार आहे. उलट बाजूला आपल्यातलेही काही कमी नव्हते. मौसिकी हराम, त्यात हा सरस्वतीला हात जोडतो, मग आपण का आनंद मानायचा? एकाला झाकीर हुसेन दाखला म्हणून हवे, दुसऱ्याला नकोच. दोघांनाही तबला ऐकू येत नाही. माहीमला वाढलेला हा माणूस मुलाखतींत सांगायचा की जन्मल्यावर अब्बाजींनी, म्हणजे उस्ताद अल्लारखाँनी, कानात तबल्याचे बोल सांगितले, आणि हीच माझी दुआ आहे असं म्हणाले. एवढं साधं उत्तर समोर असताना त्यांच्या ईमानची मोजदाद करणारे आपण कोण? इचलकरंजीचं नाव गाण्याच्या जगात नेणारे बाळकृष्णबुवा हद्दू-हस्सू खाँच्या ग्वाल्हेर परंपरेतून शिकून आले. तिथे मौलवीलाही विचारलं नव्हतं आणि भटजीलाही.

15 डिसेंबर 2024 ला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन गेले. वय 73. त्यानंतर या अल्बमबद्दलचं बोलणं एका रात्रीत पालटलं. सिंथेसायझरवर चिडलेले मास्तर आता त्याला ‘अखेरचा ठेवा’ म्हणतात. कारखानदार म्हणतात, मी तर आधीपासूनच सांगत होतो. त्यांच्या दुःखावर मला शंका घ्यायची नाही, ते खरंच आहे. फक्त एक विचारावंसं वाटतं. अल्बममधली एक मात्रासुद्धा डिसेंबरनंतर बदललेली नाही. मग दीड वर्षापूर्वी जे सपक लागत होतं ते आता गोड का लागतं? उस्ताद हयात असताना, आपण घरबसल्या ऐकू शकत होतो तेव्हा, आपण त्यांना त्यांच्याच पंचविशीशी झुंजवत बसलो होतो.

2023 च्या जानेवारीत शक्ती भारतात दौऱ्यावर होती. कोल्हापुराहून मुंबई एका रात्रीच्या गाडीवर. आमच्या ओळखीच्या चाहत्यांतून एकजण गेला, तबला शिकलेला तो पोरगा. बाकीच्यांचं म्हणणं होतं की आता काय राहिलंय त्यांच्यात. तो पोरगा मात्र परत आल्यावर आठवडाभर मागाच्या पत्र्यावर बोटं वाजवत होता, आणि जॉबर त्याला शिव्या घालत होता.