जुना संगणक आणि ग्राहकाचा अर्धा हक्क

पगारदार कुटुंबात संगणकाची खरेदी हा आजही बचतीचा आणि विचाराचा विषय असतो. साहजिकच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात, कचेऱ्यांतून निवृत्त होऊन आलेल्या तयार संगणकांना गिऱ्हाईक मिळते. असे यंत्र घेणारा कारकून किंवा शिक्षक शहाणपणाचाच व्यवहार करीत असतो. पुढे घरातील मुलगा वा मुलगी त्रिमिती आरेखन, चित्रफितींचे संपादन किंवा यंत्रशिक्षण यांच्या अभ्यासाकडे वळते आणि ग्राफिक्स कार्डाची गरज उभी राहते. पैसे कसेबसे जमतात, कार्ड घरी येते. मग असे आढळते की ते पेटीत मावत नाही. मावले तर त्याला वीज पुरत नाही. आणि वीज पुरविणारा भाग बदलू म्हटले, तर त्या जोडणीचा भाग बाजारात सहजी मिळतच नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण येथे अपुरी पडते. कारण येथे बारा आणे मोजूनही मसाला हाती लागेल याची शाश्वती नसते.

हा तंत्रज्ञानाच्या अपरिहार्यतेचा परिणाम आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. कार्ड ज्या खाचेत बसते, त्या पीसीआय एक्सप्रेस खाचेचे प्रमाण २००३ पासून चालत आलेले आहे. तिच्या नव्या आवृत्त्या आल्या, वेग वाढला. तरीही नवे कार्ड जुन्या खाचेत बसावे आणि चालावे, ही सोय मुळातच राखण्यात आली. म्हणजे उद्योगाने मनावर घेतले, तर दोन दशके टिकणारे प्रमाण निर्माण करता येते. मेख आहे ती खाचेत नव्हे, तर तिच्याभोवतीच्या पेटीत आणि पॉवर सप्लायमध्ये.

थोडा हिशेब मांडला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक हवी असल्यास पॉवर सप्लायपासून वेगळी तार आणावी लागते. सहा पिनांची तार आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५० वॅट. २०२१ मध्ये बाजारात आलेले आरटीएक्स ३०६० हे मध्यम दर्जाचे कार्ड १७० वॅट घेते आणि त्यासाठी ५५० वॅटच्या पॉवर सप्लायची शिफारस करण्यात येते. कचेरीसाठी बनविलेल्या लहान यंत्रांत मात्र हा भाग अनेकदा ३०० वॅटहून कमी क्षमतेचा असतो आणि कार्डासाठी वेगळी तार नसतेच. तो बदलणे सोपे असावे, यासाठी इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे प्रमाण पुढे आणले. आज त्यानुसार मदरबोर्डची मुख्य जोडणी २४ पिनांची असते. परंतु अनेक तयार संगणकांत तीच जोडणी सहा, आठ किंवा दहा पिनांची, त्या त्या कंपनीच्या खास मापाची आढळते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत कार्ड आणि पॉवर सप्लाय या परस्परपूरक वस्तू आहेत. त्यांपैकी एक खुल्या बाजारात आणि दुसरी एकाच उत्पादकाच्या मुठीत राहिली, म्हणजे पहिलीच्या बाजारातील स्पर्धेचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. यंत्राची किंमत त्याने एकदा मोजलेली असते; पुढील प्रत्येक सुधारणेच्या वेळी त्याची कोंडी होते ती वेगळीच. अखेरीस चालू स्थितीतील यंत्र अडगळीत जाते आणि नवे घेतले जाते. हा खर्च कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. पण तो भरतो ग्राहकच.

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. एकाच १२ व्होल्टवर चालणारी जोडणी वीज वाचविते आणि यंत्र आटोपशीर होते, हा त्यांचा युक्तिवाद निराधार नाही. तथापि पुढे इंटेलनेच केवळ १२ व्होल्टवर चालणारे, सर्वांना खुले असे प्रमाण प्रसिद्ध केले. तेव्हा विजेची बचत आणि प्रमाणाचे पालन यांत विरोध आहे, हे म्हणणे टिकत नाही.

दुसरा प्रश्न माहितीचा आहे. विक्रेत्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक आणि ग्राहकाला नाहीत, अशा बाजारात चांगल्या मालाची काय गत होते, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या उत्खननात अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांचे पूर्वायुष्य खोक्यावर लिहिलेले नसते. तयार संगणकाच्या पेटीत कोणती जोडणी दडली आहे, हेही खोक्यावर लिहिलेले नसते.

यावर घरगुती उपाय आहेत. आधी पेटी उघडून मोकळी जागा मोजावी, पॉवर सप्लायवरील आकडा वाचावा, आणि मगच कार्डाचा विचार करावा. खाचेच्याच विजेवर चालणारी, अर्ध्या उंचीची कार्डेही मिळतात. ७० वॅटचे आरटीएक्स ३०५०, सहा जीबी, हे त्यांपैकी एक. प्रोसेसर फार जुना असेल, तर महाग कार्डावरील खर्चाला घटत्या फलाचा नियम लागू होतो, हेही विसरू नये.

परंतु सारा भार ग्राहकाच्या दक्षतेवर टाकणे न्यायाचे नव्हे. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीक्षमतेचे गुण छापणे सक्तीचे केले. भारत सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि एक संकेतस्थळ सुरू केले. आता एक पाऊल पुढे टाकावयास हवे. पॉवर सप्लायची क्षमता, जोडणीचे प्रमाण आणि कार्डासाठी उपलब्ध जागा हे तीन तपशील प्रत्येक तयार संगणकाच्या खोक्यावर छापणे बंधनकारक करावे. शाळा, महाविद्यालये आणि सरकारी कचेऱ्या यांच्या निविदांत प्रमाणित जोडणीची अट घालावी. शासन हा मोठा ग्राहक आहे. त्याने मागितले, तर उत्पादक देतील. आणि आज कचेरीत बसणारे यंत्रच उद्या जुन्या बाजारातून विद्यार्थ्याच्या टेबलावर येणार आहे.

जे यंत्र सुधारता येत नाही, ते विकत घेणाऱ्याला मालकीचा अर्धाच हक्क मिळालेला असतो. उरलेला अर्धा मागण्यात कोणताही अतिरेक नाही.