युद्धकाळातील जंप ब्लूज आणि चितळकरांचा ‘संडे’
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठे वाद्यवृंद पोसणे अमेरिकेत अवघड झाले, तेव्हा मोजक्या वादकांचा ताफा, पुढे सॅक्सोफोन आणि उसळत्या ठेक्यावर म्हटलेले खेळकर गाणे असा जो प्रकार लुई जॉर्डन याने लोकप्रिय केला, त्यास जंप ब्लूज म्हणतात. त्याचे ‘कॅल्डोनिया’ हे गाणे १९४५ मधले. या संगीताला जवळचा स्विंग जॅझ मुंबईत आधीच पोहोचला होता, कारण १९३५ पासून ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड यांसारखे कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंत वाजवीत होते आणि त्यांच्या सहवासात गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून आलेले वादक घडत होते. त्यांपैकी हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, हा पुढे पुणतांब्यात जन्मलेले हिंदी चित्रपटांचे संगीतकार सी. रामचंद्र यांचा सहकारी झाला. रामचंद्रांचे ‘शहनाई’ (१९४७) या चित्रपटातील ‘आना मेरी जान संडे के संडे’ शास्त्रशुद्ध अर्थाने ब्लूज नव्हे. परंतु त्याचा ठेका, त्यातील थट्टा आणि ‘चितळकर’ या नावाने त्यांनी स्वतः लावलेला मोकळा आवाज त्याच कुळातला आहे. त्यास उथळ अनुकरण म्हणणे हा त्या प्रतिभेवर अन्याय ठरेल, कारण परका ठेका देशी चालीत असा मुरवण्यासाठी दोन्ही परंपरांचा कान लागतो. रामचंद्रांचेच संगीत असलेल्या, दिग्दर्शक भगवान पालव यांच्या ‘अलबेला’त (१९५१) तर हा गोव्याचा वादकवर्ग, एरवी पडद्यामागेच राहणारा, चिक चॉकलेटसह प्रत्यक्ष पडद्यावर वाजवताना दिसतो.