टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध? घरासाठी फिल्टर निवडताना काय पाहावं?

पेनासारखं एक यंत्र नळाच्या पाण्यात बुडवलं जातं. आकडा येतो १८०. तेच यंत्र आरओच्या पाण्यात बुडवलं की आकडा येतो ३०. 'बघा, तुम्ही काय पिताय!' असं म्हणत व्हिडिओ संपतो. असे रील्स पाहून अनेक घरांत आरओ बसवला जातो. पण पाणी पिऊन माणूस आजारी पडेल का, याचं उत्तर या आकड्यात नसतं.

पुण्यात काय घडलं होतं?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या २०० च्या पुढे गेली आणि काहींचा मृत्यू झाला. बरेच रुग्ण सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातले होते.

रुग्णांच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू आढळला. तो दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो. तपासाचा रोख पाण्याकडे वळला, कारण या भागातल्या काही गावांना विहिरीचं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता, फक्त क्लोरीन टाकून मिळत होतं. महापालिकेने या परिसरातल्या खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही तपासलं. त्यानंतर त्यातले अनेक प्रकल्प सील करण्यात आले. म्हणजे 'आरओचं पाणी' असा फलक लावून विकलं जाणारं पाणीही सुरक्षित असेलच, असं नव्हतं.

टीडीएस म्हणजे नेमकं काय?

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे घटक येतात. हातातलं यंत्र पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. त्याला जिवाणू, विषाणू किंवा कीटकनाशकं दिसत नाहीत. शिसं किंवा आर्सेनिक तर इतक्या सूक्ष्म प्रमाणात घातक असतं की त्याने आकडा हलतही नाही.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल, तर २,००० पर्यंत चालतो. पण त्याच मानकात ई. कोलाय हा जिवाणू १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये, असं म्हटलं आहे. क्षारांना सवलत आहे, जंतूंना नाही.

विक्रेते दाखवतात तो आणखी एक प्रयोग म्हणजे पाण्यात दोन दांड्या बुडवून वीज सोडायची. नळाचं पाणी तपकिरी होतं, आरओचं स्वच्छ राहतं. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि दांडीतलं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, तर तेही तपकिरी होईल.

मग नळाचं पाणी बिघडतं कुठे?

मुंबई-पुण्यासारख्या शहरांना मुख्यतः धरणांचं पाणी मिळतं. त्यात क्षार मुळातच कमी असतात. शुद्धीकरण केंद्रात ते गाळून त्यात क्लोरीन मिसळलं जातं. खरा धोका असतो केंद्र ते नळ या प्रवासात.

बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येतं. पाणी बंद झालं की जलवाहिनीतला दाब कमी होतो आणि शेजारून जाणाऱ्या गळक्या ड्रेनेज लाइनचं पाणी फटीतून आत शिरू शकतं. म्हणूनच पाणी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं ते गढूळ किंवा वास येणारं असू शकतं. त्यानंतर येतात सोसायटीच्या टाक्या. वर्षानुवर्षं न धुतलेली टाकी चांगलं पाणीही बिघडवते.

कोणता फिल्टर कशासाठी?

निवड पाण्याच्या स्रोतावरून करायला हवी.

• महापालिकेचं धरणाचं पाणी: इथे मुख्य शत्रू जंतू. त्यासाठी गाळणी आणि यूव्ही असलेला फिल्टर बहुतेक घरांना पुरतो. यूव्हीचे किरण जिवाणू-विषाणू निकामी करतात, मात्र पाणी गढूळ असेल तर ते नीट पोहोचत नाहीत. वीज जात असेल, तर यूएफ म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीचा पर्याय आहे. ती जिवाणू अडवते, पण सगळे विषाणू अडवेलच असं नाही.

• बोअरवेल किंवा टँकरचं पाणी: इथे क्षार, नायट्रेट, फ्लोराइड जास्त असू शकतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाण पट्टा किंवा विदर्भातली फ्लोराइडग्रस्त गावं ही त्याची उदाहरणं. अशा ठिकाणी आरओला अर्थ आहे. उकळून हे घटक जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण वाढतं.

• फिल्टर परवडत नसेल तर: पाणी खळखळून उकळणं हा जंतूंवर खात्रीचा उपाय आहे. एक मिनिटाची उकळी पुरते. क्लोरीनच्या गोळ्या वापरायच्या तर पाकिटावरचं प्रमाण पाळून पाणी अर्धा तास ठेवावं. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

गरज नसताना आरओ घेतला, तर पाणीही वाया जातं. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन ते तीन लिटर बाहेर टाकतो. याच कारणाने २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या भागात आरओवर बंदी घालण्यास सांगितलं होतं. पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

विकत घेण्याआधी आणि नंतर

आधी पाणी तपासून घ्यावं. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत ही तपासणी होते. अहवालात टीडीएसबरोबर ई. कोलाय, नायट्रेट, फ्लोराइड आणि कठीणपणा पाहावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का, हे ओटी चाचणीत कळतं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर ते संपलं आहे.

फिल्टरमधला कार्बन क्लोरीन काढून टाकतो. त्यामुळे गाळलेल्या पाण्याला पुढे कसलंच संरक्षण नसतं. ते झाकलेल्या, स्वच्छ भांड्यात ठेवून लवकर संपवावं. कँडल, मेंब्रेन, यूव्हीचा दिवा वेळेवर बदलला नाही, तर फिल्टर असून नसल्यासारखा.

फिल्टर स्वयंपाकघरातलं पाणी सांभाळतो. दात घासायला, भाजी धुवायला बहुतेक घरांत नळाचंच पाणी वापरलं जातं. म्हणून पाण्याला वास आला, रंग बदलला किंवा इमारतीत एकाच वेळी अनेकांना जुलाब झाले, तर तेवढ्यापुरतं पाणी उकळून प्यावं आणि त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार नोंदवावी. फुटलेली जलवाहिनी दुरुस्त झाली, तर फिल्टर न परवडणाऱ्या घरातलं पाणीही सुधारतं.